चेसिस नंबरावरचे सात थर

पेन्सिल आडवी धरून निरीक्षकांनी कागदावर तिसऱ्यांदा घासली. कागद करडा झाला. त्यावर एकही अंक उमटला नाही.

मोटार वाहन निरीक्षक उघड्या बॉनेटखाली वाकलेले होते. त्यांच्या मागे वानखडे सिस्टर कागदपत्रांची फाइल छातीशी धरून उभ्या होत्या. गाडी त्यांची. सिस्टरांच्या मागे मी. गाडीचा रंग मी दिलेला.

पाचच मिनिटांपूर्वी याच साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली होती आणि “पंधरा वर्षांची वाटत नाही,” असे म्हटले होते. तेव्हा समाधान लपवण्यासाठी मी मान खाली घातली होती. मान अजून खालीच होती. कारण मात्र बदलले होते.

“पेंटिंग कोणी केलंय?” साहेबांनी वर न पाहता विचारले.

सिस्टरांनी वळून माझ्याकडे पाहिले. मी हात वर केला. सतरा वर्षे मी मुलांना हात वर करायला लावला होता. त्या क्षणी दुसरे काही सुचले नाही.

“नंबर दिसतो आहे, साहेब,” मी म्हणालो. “या बाजूने उजेड पडला की वाचता येतो.”

“दिसून काय उपयोग? उमटला पाहिजे. अंक बुजलेत. हे कोणी मुद्दाम केलं नाही, हे मी कशावरून समजू?”

“साहेब, गाडी चोरीची वाटून राह्यली का तुमाले?” सिस्टरांनी सरळ विचारले.

“मला काय वाटतं ते महत्त्वाचं नाही, मॅडम. मला लिहावं लागतं. आणि एकदा लिहिलं की पुढचं माझ्या हातात राहत नाही.”

त्यांनी पेनचे टोपण काढले. माझ्याकडे पाहिले. मग टोपण पुन्हा लावले. त्या छोट्याशा कृतीबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

“चार वाजेपर्यंत मी इथे आहे,” ते म्हणाले. “वरचा रंग काढून आणा. पण एक ऐकून ठेवा. ब्लेड, पॉलिश पेपर, ग्राइंडर यांतलं काहीही त्या पत्र्याला लावायचं नाही. अंकांवर एक जरी नवा ओरखडा दिसला तरी मी शेरा लिहिणार. मग गाडी कोणाची ते सिद्ध करत फिरा.”

सव्वाअकरा वाजले होते.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर कारखान्यातच एक क्रमांक ठोकलेला असतो. तो चेसिस नंबर. नंबरप्लेट बदलता येते, इंजिनही बदलता येते. हा क्रमांक बदलत नाही. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की तिची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते. त्या वेळी निरीक्षक या क्रमांकावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात. पत्र्यातले खोलगट अंक कागदावर उमटतात. तो ठसा कागदपत्रांशी जुळला तर गाडी खरी.

सिस्टरांच्या गाडीच्या नोंदणीची मुदत आठ दिवसांनी संपत होती. तालुक्याच्या ठिकाणी भरणारा आरटीओचा पुढचा कॅम्प महिन्याने होता. वानखडे सिस्टर पूर्णेकाठच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहेत. तिथून परतीची शेवटची बस पाचला सुटते आणि प्रसूती काही पाचच्या आत आटोपत नाहीत. दोन वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडल्यामुळे त्यांचा गुडघा दुखावला. डॉक्टरांनी दुचाकी बंद केली. तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर सिस्टर चारचाकी चालवायला शिकल्या आणि एका निवृत्त माणसाची ही जुनी, चंदेरी रंगाची छोटी गाडी त्यांनी घेतली. गाडी बंद झाली असती, तर त्यांचे कामावर जाणेच अडले असते.

मी या व्यवसायात कसा आलो, तेही सांगायला हवे. मी एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत असे. तुकडी बंद झाली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. त्याच सुमारास माझ्या स्कूटरच्या टाकीवर फोड आले, म्हणून मी वडनेर भोलजीच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या तायडे मिस्त्रींच्या गाड्या रंगवण्याच्या शेडमध्ये गेलो. कंप्रेसरच्या हवेतून पाणी येत असावे, त्यामुळे रंगाखाली ओल अडकते, असे मी दबकतच म्हणालो. मिस्त्रींनी कंप्रेसरचा खालचा नळ उघडला. तांब्याभर पाणी निघाले.

“सर, हे तुमाले कसं मालूम?” त्यांनी विचारले. “मंग इकडंच या ना. तिकडं आता काय करून राह्यले?”

ते सहज बोलले असावेत. पुढच्या सोमवारी मी डबा घेऊन हजर झालो. मिस्त्री माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. शाळा आठवीपर्यंत. रंग मात्र बोटांनी वाचतात. त्यांनी मला कधी नवशिक्यासारखे वागवले नाही, आणि आमच्यातली अडचण तीच होती. ते मला “सर” म्हणत राहिले आणि मी त्यांना काही विचारत नसे. पहिल्या सहा महिन्यांत मी त्यांना विचारलेले प्रश्न एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पाहून जे कळे ते शिकत असे, उरलेले घरी पुस्तकातून शोधत असे.

सिस्टरांची गाडी आली ती माझ्या हाती पूर्णपणे सोपवलेली पहिली गाडी. तिच्या छतावरचा रंग पापुद्रे धरून सुटत होता, दारांच्या खालच्या कडा गंजल्या होत्या, एका बाजूला कोणीतरी वेगळीच चंदेरी मारून ठेवली होती.

“लाल करता येईन का हो?” सिस्टरांनी विचारले.

“येईन ना,” मिस्त्री म्हणाले. “पण मंग आरसीतबी लाल करून आणा लागते. अर्ज, परवानगी, चकरा.”

“नको बाप्पा. चांदीच बरी. पण एक आहे, मिस्त्री. मले चकाचक नको. नीट पाह्यजे.”

हा फरक त्यांना कळत होता याचे मला आश्चर्य वाटले. जुनी गाडी चकाचक करणे सोपे असते. काचांच्या रबरांना, हँडलना, दिव्यांना कागद चिकटवायचा, जुन्या रंगावरूनच रंगाची गन फिरवायची, चार दिवसांत गाडी द्यायची. वर्षभरात त्या रबरांच्या कडेपासून रंग उचलू लागतो. नीट करायचे तर हँडल, दिवे, रबरे, पट्ट्या सगळे उतरवावे लागते. गंज पत्र्यापर्यंत काढावा लागतो. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, खळग्यांत पुट्टी, वर सरफेसर. सरफेसर म्हणजे करडा, दाट थर. बारीक ओरखडे तो भरून काढतो. मग पाणी आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन घासत बसायचे. काम किती झाले ते डोळ्यांना कळत नाही. डोळे मिटून तळवा फिरवला की कळते. त्यानंतर रंग, आणि रंगावर क्लिअर, म्हणजे पारदर्शक चकाकीचा थर. गन हातात धरण्याचे काम एकूण कामाच्या दहाव्या भागाइतकेही नसते.

त्यातून चंदेरी हा सर्वांत छळणारा रंग. त्यात धातूचा चुरा असतो. हात थोडा रेंगाळला की तो चुरा एका ठिकाणी गोळा होतो आणि दारावर ढग आल्यासारखे डाग दिसतात. दिवस कापसाचे होते. रस्त्याने सतत कापूस भरलेल्या गाड्या जात आणि हवेत तंतू तरंगत. मी पहाटे येऊन जमिनीवर पाणी शिंपडत असे आणि ट्रकांची वर्दळ वाढण्याआधी रंगाचा हात संपवत असे. गाडीला बावीस दिवस लागले. सिस्टर एकदाही “कधी देता?” म्हणाल्या नाहीत. एवढ्या वर्षांत मला इतका विश्वास कोणी दाखवला नव्हता.

चूक झाली ती दहाव्या दिवशी.

मिस्त्रींच्या भाचीचा साखरपुडा सोनाळ्याला होता. ते दोन दिवसांसाठी गेले.

“इंजिनाच्या बाजूचं तुमी करून ठेवा, सर,” जाताना म्हणाले. “काई अडलं तं फोन करजा.”

इंजिनाच्या मागे पत्र्याची एक भिंत असते. तिच्या एका कोपऱ्यात मला ग्रीसचा वीतभर लांबीचा जाड पट्टा थापलेला दिसला. तेलकटपणा हा रंगाचा पहिला शत्रू. तेलाचा अंश राहिला की रंग तिथून मागे सरतो आणि पृष्ठभागावर वाटीसारखे खड्डे पडतात. मी तो पट्टा थिनरने पुसला. तीन वेळा, तीन वेगळ्या फडक्यांनी. खालून चेसिस नंबर निघाला. अंक स्वच्छ होते, पण कडेने गंजाचे ठिपके होते. गाडीचा सर्वांत महत्त्वाचा क्रमांक गंजू देणे योग्य नाही, असे मला वाटले. म्हणून मी त्याला उत्तमोत्तम संरक्षण दिले. इपॉक्सीचा एक थर, सरफेसरचे दोन, रंगाचे दोन, क्लिअरचे दोन.

अंकांची खोली नखाच्या जाडीएवढीही नसते. सात थरांनी ती भरून गेली. तिरप्या उजेडात ते वाचता येत होते, आणि मला तेवढे पुरेसे वाटले. तिथे कोणी पेन्सिल घासणार आहे, हे मला माहीत नव्हते.

ग्रीस पुसण्याआधी मी फोन हातात घेतला होता. मिस्त्री समारंभात असतील, असे स्वतःला सांगून तो खाली ठेवला. खरे कारण वेगळे होते. इतक्या लहान गोष्टीसाठी फोन केला तर तिथल्या चार माणसांत ते हसतील, असे मला वाटले. ते परत आले तोवर मी वायरिंगचा जुडगा आणि पाण्याची टाकी जागेवर बसवली होती. तो कोपरा त्यांच्या मागे झाकला गेला आणि गाडी देतानाही मिस्त्रींच्या नजरेतून सुटला.

हे सगळे मी सिस्टरांना कॅम्पवरून परत येताना गाडीत सांगितले. त्या गाडी चालवत होत्या. मी सांगत असताना त्यांनी दोन ट्रक आणि एक ट्रॅक्टर ओलांडला.

“म्हणजे गाडी खराब कामानं नाही अडकली,” त्या म्हणाल्या. “जास्त चांगल्या कामानं अडकली.”

“तसे म्हणता येईल.”

“अन् नाहीच निघाला रंग, तं? मी ड्यूटीवर कशी जाऊ? मिस्त्रीच्या मोपेडवर मांग बसून? गावातले लोकं म्हणतीन, सिस्टरनं या वयात काय लावलं.”

मला हसू आले नाही. त्यांना आले. पण स्टेअरिंगवरची त्यांची बोटे पांढरी पडलेली मला दिसत होती.

शेडमध्ये मिस्त्रींनी बॉनेट उचलले, वायरिंग बाजूला केले, मोबाइलचा टॉर्च लावला. बराच वेळ पाहिले.

“ग्रीस कोठी गेलं?”

“मी काढले.”

“काऊन?”

“मला वाटले, घाण आहे.”

मिस्त्री शेजारच्या उलट्या डब्यावर बसले. “सर, थे ग्रीस म्या मुद्दाम लावलं होतं. गाडी शेडमंदी आली का पह्यले त्या नंबरवर ग्रीस. बावीस वर्षं झाले, एकबी गाडी सोडली नाही. पेंट त्याच्यावर बसतच नाही. काम झालं का फडक्यानं पुसलं, नंबर जसाच्या तसा. अन् तुमी त्याले थिनरनं धुतलं?”

“तीन वेळा.”

“तीन वेळा!” ते सिस्टरांकडे वळले. “पाहा सिस्टर, मन लावून काम करते माणूस.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “मले एक फोन काऊन नाही केला बे?”

बरोबरीच्या मित्राला म्हणावे तसे त्यांनी मला “बे” म्हणण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्या तोंडून ते निसटले होते आणि ते ओशाळले होते. मला मात्र, कसे सांगू, आत कुठेतरी हलके वाटले.

“मला विचारायला संकोच वाटला,” मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच कोणासमोर उच्चारले.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. “अन् मले सांगाले संकोच वाटला. मनात म्हटलं, एम.एस्सी. झालेला माणूस आहे, याले ग्रीस काय सांगा? तुमी इचारलं नाही, म्या सांगतलं नाही. दोघं हुशार.”

“अन् मधात माही गाडी,” सिस्टर म्हणाल्या. “आता उठता का?”

पत्र्याला काही लावायचे नाही म्हटल्यावर एकच मार्ग उरत होता. पेंट रिमूव्हर. ही एक दाट जेल असते. ती रंगात मुरते, रंग फुगवते आणि पत्र्यापासून सोडवते; पत्र्याला धक्का लावत नाही. पण जिथे सांडेल तिथला रंग काढते, आणि आजूबाजूला माझा नवा रंग होता. मिस्त्रींनी नंबराभोवती टेपचे तीन थर चिकटवले आणि खाली प्लास्टिक पसरले. सिस्टरांनी स्वतःच्या डिकीतल्या पेटीतून हातमोजे, कापूस आणि गॉझ काढले. बाराला दहा मिनिटे असताना पहिला हात लागला.

पाच मिनिटांत वरचा क्लिअर दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. मिस्त्रींनी फडके उचलले.

“थांबा, मिस्त्री,” मी म्हणालो.

त्यांनी आश्चर्याने पाहिले. मी त्यांना कधी थांबवले नव्हते.

“ही जेल उघडी राहिली तर तिच्यातले द्रावण उडून जाते. वरचा थर निघेल, खालचा इपॉक्सी तसाच राहील. वर पॉलिथिन चिकटवून झाकू. आणि गाडीचे तोंड उन्हाकडे करू. पत्रा कोमट झाला तर काम लवकर होईल.”

“किती येळ?”

“वीस मिनिटे.”

“लय झाले. दहा.”

“वीस.”

“पंधरा?”

“भाजीबाजारात आले का तुमी दोघं?” सिस्टर म्हणाल्या. “सर म्हणते तं वीस. ग्रीसचं मिस्त्रीचं, जेलचं सरचं.”

गाडी उन्हात लावली. वीस मिनिटे तिघेही तिच्यासमोर उभे राहिलो. वेळ संपल्यावर पॉलिथिन उचलले, तेव्हा क्लिअर, चंदेरी आणि बराचसा सरफेसर एकदमच सुटून आला. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. पदवीच्या दिवशीही मला एवढा आनंद झाला नव्हता.

इपॉक्सी मात्र हटेना. त्याचे कामच पत्र्याला धरून ठेवण्याचे. दुसरा हात, पुन्हा पॉलिथिन, पुन्हा ऊन. अंकांच्या आत बसलेला रंग फडक्याने निघत नव्हता. मिस्त्रींनी बांबूच्या काड्या तासून बारीक केल्या. बांबू पत्र्याला ओरखडत नाही. मी एक काडी घेऊन पहिल्या अंकात फिरवू लागलो. काडी पुन्हा पुन्हा खाचेबाहेर जात होती.

“सरका, सर,” सिस्टर म्हणाल्या. “मी लेकरांच्या पायातले काटे काढते.”

त्या बॉनेटखाली वाकल्या. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, अंकाच्या खाचेतून एकदाच फिरवायचा, कापूस टाकून द्यायचा, नवा घ्यायचा. त्यांची घाई नव्हती आणि थांबणेही नव्हते. मी कापूस देत होतो, मिस्त्री टॉर्च धरून होते. दुखावलेल्या पायावर भार येऊ नये म्हणून त्या एकाच पायावर उभ्या होत्या. दोनदा खुर्ची पुढे केली, दोन्ही वेळा त्यांनी ती पायाने मागे ढकलली.

अडीचपर्यंत एक सोडून सगळे अंक मोकळे झाले. मिस्त्रींनी पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. ठसा सुरेख आला. शेवटून तिसरा अंक पाहून मात्र तिघेही कागदावर वाकलो.

“आठ आहे का तीन?” मिस्त्रींनी विचारले.

आरसीवर आठ होता. कागदावर तीन उमटला होता. आठच्या डाव्या बाजूला जुन्या गंजाचा खळगा होता. इपॉक्सी त्यात खोल बसला होता आणि डाव्या कडा त्याने बुजवून टाकल्या होत्या.

तीनला दहा कमी. कॅम्पपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. आणखी एक हात द्यायचा तर वीस मिनिटे जेलला आणि नंतर सफाई. रस्त्यात रेल्वेफाटक लागले असते तर चार चुकले असते.

“जाऊ का असंच?” मिस्त्री म्हणाले. “साहेबाले समजावून सांगू. डोळ्यांनी तं आठच दिसते.”

मला ठाऊक होते की थांबायला हवे. पण चार चुकले तर तोही दोष माझाच होणार होता, आणि गाडी माझी नव्हती.

“सर, तुमी सांगा,” सिस्टर म्हणाल्या. “एका हातानं निघते का?”

“निघायला हवा.”

“हवा का निघन?”

“निघेल,” मी म्हणालो.

“मंग लावा. तीन घेऊन गेलो तं सारंच गेलं.”

मी जेल फक्त त्या एका अंकावर लावली. वीस मिनिटे. या वेळी मिस्त्रींनी भाव केला नाही. त्या वेळात त्यांनी बाकीचे अंक पाण्याने धुतले, कोरडे केले, टेप सोडवला. सिस्टरांनी हात धुऊन पदराने तोंड पुसले आणि चावी गाडीला लावून ठेवली. पॉलिथिन काढल्यावर खळग्यातला इपॉक्सी मऊ पडला होता. तीन काड्या लागल्या. चौथ्या कापसावर रंग आला नाही.

पेन्सिल पुन्हा मिस्त्रींनी घासली. आठ उमटला. दोन्ही पोटे पूर्ण.

तीन वाजून चोवीस मिनिटे झाली होती. फाटक उघडे मिळाले. तिथल्या गेटमनला मी ओळखत नाही. तरी आभार मानणाऱ्यांच्या यादीत त्याला मनातल्या मनात घालून ठेवले आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा साहेब टेबलावरचे कागद आवरत होते. मिस्त्री शेड उघडी टाकून, कामाच्या कपड्यांनीच आमच्याबरोबर आले होते. साहेबांनी आधी टॉर्च घेऊन एकेक अंक तपासला. ओरखडा शोधत होते, सापडला नाही. मग कागद ठेवून पेन्सिल घासली. ठसा आरसीशेजारी धरला, बोटाने अंक मोजत गेले. शेवटून तिसऱ्या अंकापाशी थांबले. पुढे गेले.

“कशानं काढलं?”

“जेलनं, बांबूच्या काडीनं आणि कापसानं,” मी म्हणालो. “शेवटचं काम सिस्टरांनी केलं.”

“रंगापेक्षा हे काम चांगलं झालंय,” ते म्हणाले आणि पेनचे टोपण काढले. या वेळी सही करण्यासाठी.

मला त्यांचे आभार मानायचे होते. “धन्यवाद, साहेब,” मी म्हणालो. शब्द तोंडातून इतक्या हळू निघाले की साहेबांनी “काय?” असे विचारले. मी पुन्हा, थोड्या मोठ्याने म्हणालो. आजूबाजूच्या चार माणसांनी वळून पाहिले. त्याचे काही वाटले नाही.

नोंदणी वेळेत झाली. सिस्टर त्याच गाडीने उपकेंद्रावर जातात. गेल्या महिन्यात छत आणि दारे पाहून आलो; कुठेही रंग उचललेला नाही, चंदेरीवर ढग नाहीत. त्यांनी आमच्याकडे तीन गिऱ्हाइके पाठवली. तिघांनाही त्यांनी सगळी हकिकत सांगितलेली होती आणि तरीही ते आले, याचा मला अर्थ लावता आलेला नाही. मिस्त्रींनी मला त्यानंतर पुन्हा “सर” म्हणायला सुरुवात केली. रंगात आले की मधूनच “बे” म्हणतात. दोन्ही चालते.

आपण जे नीट करतो ते कुठे करायचे नाही, हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते समोरच्या माणसाला माहीत असते आणि आपल्याला माहीत नाही हे त्याला कळावे लागते. मी आता शेडमध्ये दिवसाला सरासरी चार प्रश्न विचारतो. त्यांतले तीन अनावश्यक असतात. कोणते तीन, ते विचारल्याशिवाय कळत नाही.